४४०.९ किलोंचा हिशेब : इराणच्या युरेनियम समृद्धीकरणाचे प्रकरण

१३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलची विमाने इराणवर चालून गेली. त्या दिवशी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम ४४०.९ किलो होते. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयएईएच्या, वहीतला हा शेवटचा आकडा. पुढचे बारा दिवस बॉम्ब पडत राहिले आणि २०२५ साल सरेपर्यंत त्या साठ्याशेजारी उभे राहून मोजमाप करायला एकाही निरीक्षकाला मिळाले नाही.

इराणमध्ये वीज तयार करणारे अणुऊर्जा केंद्र एकच आहे, बुशेहरचे. त्याचे इंधन रशियातून येते आणि वापरलेले इंधन रशियाला परत जाते. मग हे ४४० किलो कशासाठी? या प्रश्नाची दोन उत्तरे वीस वर्षांहून अधिक काळ समोरासमोर उभी आहेत. तेहरान म्हणते, हा आमचा हक्क आहे आणि बॉम्ब आम्हाला नको. इस्रायल, अमेरिका आणि युरोप म्हणतात, बॉम्बच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन थांबायचे हाच डाव आहे. या लेखात दोघांच्या मनात काय आहे हे शोधत बसलेलो नाही. माझा मुद्दा साधा आहे. या प्रकरणात धोका वाढला किंवा कमी झाला तो यंत्रांच्या संख्येइतकाच बाहेरच्या माणसाला आत जाऊन बघता येते की नाही यावर. तारखा क्रमाने लावल्या की ते स्वच्छ दिसते. इथली मांडणी २०२५ अखेरपर्यंतची आहे.

सुपातले गणित

आपल्या वर्तमानपत्रांत पुष्कळदा 'युरेनियमचे शुद्धीकरण' असे छापून येते आणि त्याने गैरसमज होतो. ज्यावर ही प्रक्रिया होते ते युरेनियम आधीच शुद्ध केलेले असते. बदलते ते त्यातले प्रमाण. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी साधारण सात अणू २३५ वजनाचे, बाकी जवळपास सगळे २३८ चे. अणुभट्टी चालते ती या सातांच्या जोरावर आणि बॉम्बही फुटतो तो यांच्याच जोरावर. समृद्ध करणे म्हणजे या सातांना धक्का न लावता बाकीच्यांना बाहेर काढणे.

आजी सुपात धान्य पाखडायची ते डोळ्यांपुढे आणा. हलके एकीकडे, जड दुसरीकडे. सेंट्रिफ्यूज हेच करते, फक्त वायूवर. युरेनियमचे हेक्साफ्लोराइड करून त्याचा वायू एका उंच, बारीक नळकांड्यात सोडतात आणि ते नळकांडे मिनिटाला साठ हजारांहून अधिक फेरे घेते. किंचित जड अणू भिंतीकडे सरकतात, हलके मधल्या भागात राहतात. एका यंत्रात फरक नावापुरताच पडतो, म्हणून शंभर-दीडशे यंत्रे साखळीने जोडतात. इराणच्या नतान्झ इथल्या समृद्धीकरण कारखान्यातल्या सुरुवातीच्या साखळीत १६४ यंत्रे होती.

आता हजार दाणे घ्या, त्यातले सात कामाचे. ३.५ टक्क्यांवर जायचे तर आठशे बिनकामाचे दाणे काढावे लागतात, उरतात दोनशे. हे वीजकेंद्राचे इंधन. तिथून २० टक्क्यांवर जायला आणखी १६५ काढा, उरले पस्तीस. ६० टक्क्यांच्या आसपास पोचायला त्या पस्तिसांतले तेवीस काढा, उरले बारा. आणि बारातले आणखी चार काढले की आठ उरतात, त्यात सात कामाचे. म्हणजे जवळपास ९० टक्के, बॉम्बाला लागते तसे. प्रत्यक्षात काही कामाचे दाणेही वाया जातात, पण हिशेबाचा कल असाच राहतो.

बातमीत '६० टक्के' वाचले की निम्म्याहून थोडे पुढे आलेत असे वाटते. काढायच्या ९९२ दाण्यांपैकी ९८८ तोवर निघालेले असतात. राहिलेले काम महिन्यांचे नसते, आठवड्यांचे असते. आयएईएच्या मापाने ६० टक्क्यांचे सुमारे ४२ किलो युरेनियम पुढे समृद्ध केले तर एका बॉम्बापुरते होते. ४४०.९ ला ४२ ने भागून बघा. अर्थात युरेनियम हाती असणे आणि क्षेपणास्त्रावर बसेल असा बॉम्ब तयार असणे यांत अंतर आहे. पण ते पुढचे काम कुठल्याही छोट्या कार्यशाळेत होऊ शकते आणि बाहेरून दिसत नाही. दिसते, मोजता येते ते युरेनियम. सगळी झटापट समृद्धीकरणाभोवती का, ते यावरून कळेल.

शहाचा वारसा

हा कार्यक्रम आयातुल्लांनी सुरू केला असे अनेकांना वाटते. १९५७ मध्ये इराणने अणुसहकार्याचा करार केला तो अमेरिकेशी. तेहरानमधली ५ मेगावॉटची संशोधन अणुभट्टी अमेरिकेनेच दिली, ती १९६७ मध्ये सुरू झाली. १९७० मध्ये इराणने अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला, म्हणजे एनपीटीला, मान्यता दिली. शहा मोहम्मद रझा पहलवी यांना २३ हजार मेगावॉट अणुवीज हवी होती. १९७५ मध्ये जर्मन कंपनीने बुशेहरचे काम सुरू केले. फ्रान्समधल्या युरोडिफ या समृद्धीकरण प्रकल्पात इराणने दहा टक्के भागीदारी घेतली, वर एक अब्ज डॉलर कर्जही दिले.

१९७९ ची क्रांती झाली आणि सगळे पाहुणे उठून गेले. जर्मनांनी बुशेहर अर्धवट टाकले, पुढे इराकने युद्धात त्यावर बॉम्ब टाकले. युरोडिफमध्ये पैसे गुंतले होते, पण समृद्ध युरेनियम काही इराणच्या हाती आले नाही. 'दुसऱ्याच्या शब्दावर इंधन ठेवायचे नाही' ही इराणी वाटाघाटींतली ठरलेली ओळ या अनुभवातून आलेली आहे.

ती ओळ महाराष्ट्राला परकी वाटायला नको. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या त्या अमेरिकेच्या समृद्ध युरेनियमवर, १९६३ च्या कराराप्रमाणे. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठा आटला. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला म्हणून तारापूर तगले. करार हातात असून इंधन मिळत नाही, हे आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घडलेले आहे. फरक मोठा आहे हेही मान्य केले पाहिजे. भारताने एनपीटीवर सही केलीच नाही. इराणने केली, आणि सही करणाऱ्याने दार उघडे ठेवायचे असते.

इराण-इराक युद्धाच्या काळात इराणने मागचे दार शोधले. पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांनी हॉलंडमधल्या अल्मेलोच्या कारखान्याची सेंट्रिफ्यूजची रचना पळवून नेली होती. १९८७ मध्ये दुबईत त्यांच्या जाळ्याशी सौदा झाला, इराणला आराखडे आणि सुटे भाग मिळाले. इराणच्या पहिल्या आयआर-१ यंत्राचे मूळ हेच. १९९१ मध्ये चीनकडून सुमारे १.८ टन नैसर्गिक युरेनियम आले, तेही आयएईएला न कळवता.

कालाये : पुसलेल्या भिंती

१४ ऑगस्ट २००२ रोजी वॉशिंग्टनमध्ये इराणच्या निर्वासित विरोधकांच्या राष्ट्रीय प्रतिरोध परिषदेने पत्रकार परिषद घेऊन दोन जागा जाहीर केल्या : नतान्झचा समृद्धीकरण कारखाना आणि अराकचा जड पाण्याचा प्रकल्प. फेब्रुवारी २००३ मध्ये आयएईएचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई नतान्झला गेले. वाळवंटी पठारावर, जमिनीखाली, पन्नास हजारांवर सेंट्रिफ्यूज मावतील अशी दालने बांधली जात होती. पथदर्शी कारखान्यात १६० च्या आसपास यंत्रे उभी होती.

इथे कायद्याची एक खोच आहे. इराण तेव्हा ज्या जुन्या नियमाने बांधला होता, त्यात अणुसामग्री आत नेण्याच्या १८० दिवस आधी कळवले तरी चालायचे. म्हणजे नतान्झची नुसती इमारत बांधणे हा नियमभंग ठरत नव्हता. इराणचे वकील हे आजही सांगतात आणि त्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. पण एक प्रश्न त्यातून सुटत नाही. युरेनियमचा कणही न वापरता, चाचणी न करता कोणी पन्नास हजार यंत्रांचा कारखाना बांधायला घेईल का?

त्या प्रश्नाचा माग तेहरानमधल्या कालाये इलेक्ट्रिक कंपनीपर्यंत गेला. नावापुरता घड्याळांचा कारखाना. मार्च २००३ मध्ये निरीक्षक तिथे पोचले तेव्हा नमुने घेऊ दिले नाहीत. ऑगस्टमध्ये दार उघडले तोवर इमारतीत बरेच फेरबदल झाले होते. आयएईएने तसे अहवालात लिहून ठेवले आहे.

निरीक्षक नमुना घेतो म्हणजे काय करतो? हातमोजे घालतो, दहा सेंटिमीटरचा चौकोनी सुती फडका काढतो, खिडकीची कड, वायुवीजनाचे तोंड, कोपऱ्यातली फट अशा जागांवरून फिरवतो. फडका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, त्यावर आकडा. मग तो व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत जातो. युरेनियमचा डोळ्यांना न दिसणारा कण त्यात असला तरी तो किती टक्क्यांचा हे तिथे कळते. भिंत रंगवता येते, फरशी उखडता येते, पण धूळ सगळी जात नाही. कालायेच्या फडक्यांत अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले.

इराण म्हणाला, कण आमचे नव्हेत, बाहेरून आलेल्या वापरलेल्या सुट्या भागांवर ते होते. २००५ मध्ये आयएईएने पाकिस्तानकडच्या भागांशी ताडून पाहिले तेव्हा हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे निघाले. मला या प्रकरणातला हा प्रसंग फार बोलका वाटतो. सांगण्यासारखे उत्तर हाताशी होते, तरी आधी भिंती पुसल्या गेल्या. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही सवय इराणला पुढे फार महागात पडली, कारण नंतर तो खरे बोलला तेव्हाही त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. आणि कालायेत सेंट्रिफ्यूजची चाचणी युरेनियमवर झाली होती, हे ऑक्टोबर २००३ मध्ये इराणला कबूल करावेच लागले.

तीन वर्षांची संधी

अमेरिकेचे सैन्य शेजारच्या इराकमध्ये शिरलेले. सामूहिक संहाराची अस्त्रे असल्याचा दावा करून ते युद्ध झाले आणि अस्त्रे सापडली नाहीत, याची सावली इराण प्रकरणावर कायमची पडली. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी बोलणी सुरू केली. इराणकडून हसन रुहानी होते. ऑक्टोबर २००३ मध्ये इराणने समृद्धीकरण थांबवायचे मान्य केले आणि डिसेंबरमध्ये अतिरिक्त शिष्टाचारावर सही केली, ज्याने निरीक्षकांना न जाहीर केलेल्या जागीही जाता येते. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी २००७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षाप्रमाणे बॉम्बाच्या रचनेचे काम इराणने २००३ च्या शरदातच थांबवले होते. म्हणजे तसे काम आधी चालू होते, हेही त्याच वाक्यात आले.

युरोपला कायमची बंदी हवी होती, इराणला तात्पुरती थांबणूक. ऑगस्ट २००५ मध्ये इस्फहानचा, युरेनियमचा वायू करून देणारा, रूपांतर कारखाना पुन्हा सुरू झाला आणि महमूद अहमदीनेजाद अध्यक्ष झाले. २४ सप्टेंबर २००५ रोजी आयएईएच्या नियामक मंडळाने इराणला दोषी धरले. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचे अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन दोनच महिन्यांपूर्वी आलेले होते, त्यामुळे दिल्लीत डाव्यांनी सरकारला चांगलेच धारेवर धरले. फेब्रुवारी २००६ मध्ये प्रकरण सुरक्षा परिषदेकडे गेले, तेव्हाही भारताचे मत तसेच पडले. इराणने लगेच अतिरिक्त शिष्टाचार पाळणे थांबवले, एप्रिलमध्ये ३.५ टक्के समृद्धीकरण जाहीर केले. डिसेंबर २००६ ते जून २०१० या काळात परिषदेने निर्बंधांचे चार ठराव केले. त्याच काळात इराणची यंत्रे काहीशांवरून काही हजारांवर गेली.

डोंगराखालचे फोर्दो

२५ सप्टेंबर २००९ रोजी पिट्सबर्गमध्ये ओबामा, सार्कोझी आणि गॉर्डन ब्राऊन यांनी कोमजवळ डोंगराच्या पोटात दडवलेला दुसरा कारखाना, फोर्दोचा, जगासमोर आणला. सुमारे तीन हजार यंत्रांचा. इराणने चारच दिवस आधी आयएईएला त्याबद्दल पत्र पाठवले होते, बातमी फुटणार हे कळल्यावर. आता मात्र जुन्या नियमाची ढाल पुरेशी नव्हती. बांधायचे ठरले की लगेच कळवायचे, हा सुधारित नियम इराणने २००३ मध्येच मान्य केला होता. २००७ मध्ये 'आम्ही तो स्थगित केला' असे एकतर्फी सांगितले, पण असा एकतर्फी अधिकार कोणाला नसतो असे आयएईएचे मत होते.

तीन हजार यंत्रांनी मोठ्या वीजकेंद्राचे इंधन पुरत नाही. बॉम्बापुरते पुरते. फोर्दोबद्दलची धास्ती तिथून सुरू झाली.

त्याच सुमारास तेहरानच्या जुन्या संशोधन अणुभट्टीचे इंधन संपत आले होते. तिच्यात कर्करोगाच्या तपासणीसाठी लागणारी औषधी समस्थानिके तयार होतात. इराणने १२०० किलो कमी समृद्ध युरेनियम बाहेर पाठवावे आणि बदल्यात तयार इंधन घ्यावे, अशी योजना होती. ती फसली. फेब्रुवारी २०१० मध्ये इराणने स्वतःच २० टक्के समृद्धीकरण सुरू केले. मे महिन्यात ब्राझील आणि तुर्कस्तानने तशाच अदलाबदलीवर इराणची सही मिळवली, पण पाश्चात्त्यांनी ती नाकारली आणि तीन आठवड्यांत नवे निर्बंध आले. तोवर साठा वाढला होता, हे पाश्चात्त्यांचे कारण खरे होते. तरीही ही संधी हातची गेली याची हळहळ वाटते.

घातपाताची बाजू थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये स्टक्सनेट हा संगणकी विषाणू उघडकीला आला. त्याने नतान्झच्या यंत्रांचा वेग चढवून-उतरवून सुमारे हजार यंत्रे निकामी केली, आणि पडद्यावर सगळे ठीक दिसत राहिले. २०१० ते २०१२ मध्ये तेहरानच्या रस्त्यांवर चार शास्त्रज्ञ मारले गेले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मोहसेन फखरीझादे. प्रत्येक घावानंतर कार्यक्रम काही महिने मागे गेला आणि मग अधिक खोल, अधिक वेगवान होऊन परत आला.

व्हिएन्ना, १४ जुलै २०१५

२०१३ मध्ये रुहानी अध्यक्ष झाले. परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ आणि जॉन केरी यांची नावे सगळ्यांना माहीत झाली, पण तांत्रिक गाठी सोडवल्या त्या अमेरिकेचे ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनिझ आणि इराणच्या अणुसंस्थेचे प्रमुख अली अकबर सालेही यांनी. १९७० च्या दशकात दोघेही मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत होते, एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थी. न्यूट्रॉनची भाषा दोघांना सारखीच येत होती.

निर्बंध उठवण्याच्या बदल्यात इराणने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया आणि चीन यांच्याशी केलेल्या या कराराचे आकडे असे : समृद्धी ३.६७ टक्क्यांच्या आत, साठा ३०० किलोंच्या आत, सुमारे १९ हजार सेंट्रिफ्यूजपैकी ६,१०४ ठेवायची आणि त्यांतली नतान्झची ५,०६० च चालवायची, फोर्दोत युरेनियम नाही. अकरा टनांवर समृद्ध युरेनियम डिसेंबर २०१५ मध्ये जहाजाने रशियाला गेले. अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतले. बॉम्बापुरते युरेनियम जमवायला लागणारा वेळ दोन-तीन महिन्यांवरून वर्षावर गेला.

या आकड्यांवरच चर्चा झाली, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते देखरेखीचे कलम. खाणीतून निघालेल्या युरेनियमवर २५ वर्षे नजर, सेंट्रिफ्यूजच्या नळकांड्यांवर आणि त्यांच्या लवचीक जोडांवर (बेलोज) २० वर्षे. नळीतून वाहणाऱ्या वायूची समृद्धी जागच्या जागी मोजणारी उपकरणे, छेडछाड केली की कळवणारी सीले, रोज आत जाण्याची मुभा. एखादी गुप्त फोर्दो उभारायची तर नुसता डोंगर लपवून भागले नसते. खाण, कारखाना, यंत्रशाळा, सगळी साखळीच लपवावी लागली असती.

कराराला उणिवा होत्या. क्षेपणास्त्रे त्यात नव्हती, काही मर्यादा दहा आणि पंधरा वर्षांनी संपणार होत्या. एक तरतूद मात्र विलक्षण होती. इराणने करार मोडल्याची तक्रार झाली तर सुरक्षा परिषदेत निर्बंध लावण्यासाठी नव्हे, निर्बंध उठलेले राहावेत यासाठी मतदान घ्यायचे. म्हणजे रशिया-चीनचा नकाराधिकार उपयोगाचा नाही, कायम सदस्यांपैकी कोणा एकाच्या नकाराने जुने निर्बंध आपोआप परत. दहा वर्षांनी ही तरतूद वापरली गेली.

उलटी शिडी

८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले. इराण मर्यादा पाळतो आहे असे आयएईएचे अहवाल एकामागून एक सांगत होते, तरीही. या प्रकरणात चुका सगळ्यांच्या आहेत, पण ही चूक मी सगळ्यांत वर ठेवतो. करार वाईट होता असे ज्यांना वाटत होते त्यांनी त्याहून चांगले काही हातात नसताना तो फेकून दिला. तेलावरचे निर्बंध परत आले. भारतानेही मे २०१९ पासून इराणी तेल घेणे थांबवले, त्याआधी इराण आपल्या मोठ्या पुरवठादारांपैकी होता. २०१५ मध्ये डॉलरला तीस-पस्तीस हजार रियाल पडत होते, २०२५ च्या मार्चपर्यंत हा भाव दहा लाखांवर गेला. तेहरानमधल्या मास्तरांचा पगार, औषधाच्या दुकानातले इन्शुलिन, सगळ्यांवर त्याचा वार झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसा, कारण समृद्धीकरण करावे की नाही हे त्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

इराणने वर्षभर वाट पाहिली आणि मग पायरी-पायरीने चढायला सुरुवात केली. २०१९ च्या जुलैत साठ्याची आणि टक्क्यांची मर्यादा ओलांडली. २०२० अखेर, फखरीझादेंच्या हत्येनंतर, संसदेने समृद्धी वाढवण्याचा कायदा केला. जानेवारी २०२१ मध्ये फोर्दोत २० टक्के. ११ एप्रिलला नतान्झमध्ये घातपाताने वीज गेली, त्याच आठवड्यात ६० टक्के. अण्वस्त्रे नसलेल्या दुसऱ्या कुठल्याही देशाने त्या काळात ६० टक्के समृद्धी केलेली नाही. बुशेहरला ती नको, संशोधन अणुभट्टीला २० टक्के पुरते. वाटाघाटीत दाब टाकायला हे वजन जमवले असे इराणचे समर्थक म्हणतात. असेलही. पण ज्या वजनाचा बॉम्ब होऊ शकतो, ते समोरच्याला वजन म्हणून दिसत नाही.

टक्के वाढत होते आणि डोळे मिटत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अतिरिक्त शिष्टाचार पुन्हा थांबला. कॅमेरे चालू, पण चित्रफिती इराणच्या ताब्यात, अशी तडजोड झाली. जून २०२२ मध्ये मंडळाने इराणविरुद्ध ठराव केला तेव्हा २७ कॅमेरेही उतरवले गेले. सेंट्रिफ्यूजचे किती भाग तयार झाले आणि कुठे गेले याची सलग नोंद तिथे तुटली. जानेवारी २०२३ मध्ये फोर्दोत निरीक्षकांना दोन साखळ्यांची जोडणी कळवल्यापेक्षा वेगळी आढळली आणि फडक्यांवर ८३.७ टक्क्यांचे कण मिळाले. नकळत झालेला चढउतार, असे इराणचे उत्तर. त्याच सुमारास तुर्कुझाबाद आणि वारामीन या न जाहीर केलेल्या जागी सापडलेल्या युरेनियमच्या जुन्या कणांबद्दल पटणारी उत्तरे आयएईएचे प्रमुख राफाएल ग्रॉसी मागत होते. ती मिळाली नाहीत.

जून २०२५ आणि नंतर

१२ जून २०२५ रोजी नियामक मंडळाने १९ विरुद्ध ३ मतांनी इराणला जबाबदाऱ्या मोडल्याबद्दल दोषी ठरवले, ११ देश तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी इस्रायलने हल्ला केला. नतान्झचा वरचा कारखाना उद्ध्वस्त झाला. २०१० च्या हल्ल्यातून वाचलेले शास्त्रज्ञ फरेदून अब्बासी या वेळी मारले गेले. २२ जूनला अमेरिकेच्या बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतान्झवर तीस हजार पौंडांचे चौदा बॉम्ब टाकले, इस्फहानवर पाणबुडीतून क्षेपणास्त्रे सोडली. २४ जूनला युद्ध थांबले. इराणमध्ये हजाराच्या आसपास माणसे मेली, इस्रायलमध्ये तीसच्या आसपास.

यंत्रांचे अतोनात नुकसान झाले यात शंका नाही. पण युरेनियम बॉम्बने नाहीसे होत नाही. समृद्ध वायू थंड करून घन रूपात ठेवतात, अशा टाक्यांत ज्या पाणबुड्याच्या पाठीवर मावतील एवढ्या असतात. दोन-चार गाड्यांत मावणारा हा माल आहे. युद्धाआधी त्यातला बराचसा भाग इस्फहानच्या बोगद्यांत होता असे ग्रॉसी यांनी सांगितले आहे.

२ जुलैला इराणने आयएईएशी सहकार्य थांबवण्याचा कायदा लागू केला, दोन दिवसांनी निरीक्षक देशाबाहेर पडले. २८ ऑगस्टला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने ती विलक्षण तरतूद वापरली. ९ सप्टेंबरला कैरोत ग्रॉसी आणि इराणचे परराष्ट्रमंत्री अब्बास अराघची यांच्यात निरीक्षणाची नवी पद्धत ठरली. निर्बंध मात्र टळले नाहीत, २८ सप्टेंबरला ते परत आले. रशिया, चीन आणि इराण ते मानत नाहीत, म्हणजे ते लागू आहेत की नाहीत यावरच सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य दुभंगलेले. बुशेहरसारख्या बॉम्ब न पडलेल्या जागी निरीक्षक परत गेले. फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानला नाही.

२० नोव्हेंबर २०२५ रोजी नियामक मंडळाने आणखी एक ठराव केला. त्यातली मुख्य मागणी एका ओळीची होती : समृद्ध युरेनियमचा साठा किती आहे आणि बॉम्ब पडलेल्या केंद्रांची स्थिती काय, हे इराणने विनाविलंब कळवावे. त्याच दिवशी इराणने कैरोचा करार संपल्याचे पत्र आयएईएला पाठवले.